हरवलेल्या किल्लीचा बंदोबस्त

किल्ली हरवली की दोन कामे उभी राहतात. दार पुन्हा उघडता आले पाहिजे, आणि हरवलेल्या किल्लीने ते दुसऱ्या कोणाला उघडता येता कामा नये. पहिले काम फार पूर्वीच सुटले, दुसऱ्याने मात्र बरीच वर्षे घेतली.

वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या चार वेशींचे जुने व्यापारी गाव. वऱ्हाडातल्या अशा गावांत वाड्याचे दार रात्री आतून अडसर घालून बंद होई. अडसराला किल्लीच नसते, तेव्हा ती हरवणार कुठून? फक्त घरात सदैव कोणीतरी असावे लागे, आणि एकत्र कुटुंबात ते असेच. कुलूप लागे ते कोठीला नि तिजोरीला.

सगळेच घर बंद करून बाहेर पडू लागले तेव्हा कुलूप दारावर आले. मुंबईतल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये लालबागला कुलपांचा कारखाना काढला. अशा कुलपाची किल्ली हरवली तरी चावीवाला अडत नाही. तो कोरी चावी कुलपात घालून पिळतो, तिच्यावर उमटलेल्या बारीक खुणा उजेडात धरून पाहतो आणि तेवढ्याच जागी कानस मारतो. पुन्हा घालतो, पुन्हा घासतो. शेवटी कुलूप उघडते. कसब मोठेच, पण हरवलेली किल्ली त्याने निकामी होत नाही. त्यासाठी कुलूपच बदलावे लागते, आणि सामाईक दार असेल तर प्रत्येक बिऱ्हाडाला नवी किल्ली द्यावी लागते.

यावर तोड निघाली ती हॉटेलांसाठी. नॉर्वेच्या टोर सोर्नेस यांनी 1970च्या दशकात 32 भोकांच्या मांडणीवर चालणारे प्लास्टिकचे कार्ड आणले. पाहुणा बदलला की कुलपाची जुळणी बदलायची. जुने कार्ड आपोआप बाद. रेडिओलहरींनी दार उघडण्याचे पेटंट अमेरिकेत चार्ल्स वॉल्टन यांना 1973 मध्ये मिळाले.

आजच्या इमारतीतला टॅग त्याच वाटेवरचा. आत तारेचे वेटोळे आणि चिप, बॅटरी नाही. रीडरजवळ धरला की तो आपला क्रमांक सांगतो. दार उघडायचे की नाही, हे यंत्रातली यादी ठरवते. टॅग हरवला तर तेवढा क्रमांक यादीतून काढायचा, बाकीच्यांना तोशीस नाही. मात्र कोणता क्रमांक कोणत्या फ्लॅटचा, ही नोंद सोसायटीच्या वहीत हवी. ती नसेल, तर साध्या यंत्राची सगळी स्मृती पुसून प्रत्येकाचा टॅग नव्याने नोंदवावा लागतो. सचिवांची खरी कसोटी इथेच लागते.

साध्या टॅगची नक्कलही निघते. पण नकलेत क्रमांक मूळचाच असतो. तो यादीतून गेला की हरवलेल्या टॅगबरोबर घरातली नक्कलही बंद पडते. म्हणून बदली टॅगला नवा क्रमांक द्यावा लागतो.