विमानाच्या मैलाचं आजोळ

मुंबई ते लंडन सर्वांत जवळची हवाई वाट पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे ६४ अंश ५२ कलांचा कोन करते. अंशाच्या साठ कला, म्हणजे एकूण ३,८९२ कला. अंतरही तेवढंच, ३,८९२ सागरी मैल. यात जादू नाही. पृथ्वीच्या घेराची एक कला म्हणजे एक सागरी मैल, असंच दर्यावर्दींनी ठरवलं होतं. १९२९ साली मोनॅकोच्या परिषदेत त्याचे नेमके १,८५२ मीटर झाले आणि वैमानिकांनी तो तयार उचलला.

मी अडकलो ३,४३८ या आकड्यापाशी. इ.स. ४९९च्या सुमारास आर्यभटाने ज्या-सारणी, म्हणजे साइनची सारणी, दिली. तिच्यातल्या लागोपाठच्या ज्यांमधल्या चोवीस फरकांची बेरीज ३,४३८, हीच त्याच्या वर्तुळाची त्रिज्या. आता पृथ्वीची सरासरी त्रिज्या, ६,३७१ किलोमीटर, १.८५२ने भागून पाहा. ३,४४०!

योगायोग म्हणून हे सोडून देणारे भेटतात. मला ते पटत नाही. परिघाच्या २१,६०० कला धरल्या आणि त्रिज्याही त्याच मापाने मोजली, की ३,४३८ येणारच. आर्यभटाने नेमकं हेच केलं. म्हणून त्याची सारणी आजही थेट सागरी मैलांत वाचता येते. मुंबई-लंडनच्या कोनाचा अर्धा घ्या, ३२ अंश २६ कला. सारणीत ३० अंशांना १,७१९ आणि ३३ अंश ४५ कलांना १,९१० आहेत; मधलं प्रमाण काढलं तर १,८४३ येतात. दुप्पट केली की ३,६८६. पृथ्वीच्या पोटातून लंडनपर्यंत सरळ बोगदा खणला, तर तो साधारण इतक्या सागरी मैलांचा होईल. बोगदा ही धनुष्याची दोरी, विमान जातं ते चापावरून.

सारणी अशी मैलांत वाचणं आर्यभटाला स्वतःला सुचलेलं दिसत नाही, हेही सांगायला हवं. पृथ्वीचा व्यास त्याने १,०५० योजनं दिला. कलांशी त्याचा सांधा जोडला नाही. शिवाय ३,४३८वर ग्रीकांचाही दावा आहे. ग्रीक खगोलज्ञ हिपार्कसची सारणी याच त्रिज्येची होती, असं इतिहासकार जेराल्ड टूमर यांनी १९७३ साली मांडलं. पण ती सारणी आज हाती नाही. नंतरचा खगोलज्ञ टॉलेमी याच्या ग्रंथात उरलेल्या मोजक्या गुणोत्तरांवरून काढलेला तो तर्क आहे. वर्तुळाचे ३६० अंश बॅबिलोनकडून ग्रीकांमार्गे आपल्याकडे आले, हे मी बिनतक्रार मान्य करतो. अर्ध्या जीवेची, म्हणजे ज्येची, सारणी मात्र भारतीयच. माझ्या मते सागरी मैल आणि आर्यभटाची त्रिज्या ही एकाच बॅबिलोनी आजीची नातवंडं, एकमेकांना कधीही न भेटलेली.

पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनीही हीच त्रिज्या वापरली. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख सांगतो की त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चंगदेवाने तिथे मठ काढला. त्याच परंपरेत उत्क्रमज्या आहे, त्रिज्येतून कोटिज्या, म्हणजे कोसाइन, वजा केली की उरते ती. तिचा अर्धा म्हणजे हॅव्हरसाइन. हे नाव १८३५ साली जेम्स इनमन यांनी खलाशांच्या पुस्तकात रूढ केलं. दोन शहरांतलं अंतर काढणारे कितीतरी संगणकीय कार्यक्रम आजही हॅव्हरसाइनच्या सूत्रावर चालतात.

वेळेचं गणित मात्र कलांना जुमानत नाही. ४८० नॉटने, म्हणजे ताशी ४८० सागरी मैलांनी, ३,८९२ मैल आठ तास आणि थोड्या मिनिटांत संपायला हवेत. पण लंडनला जाताना पश्चिमेकडून येणारा उंचावरचा वारा समोर असतो, वाटही अगदी सरळ मिळत नाही, आणि नऊ तास सहज उलटतात. येताना तोच वारा पाठीशी असतो.