फेज्ड अ‍ॅरे श्राव्यातीत परीक्षण

अनेक दाबविद्युत् घटकांच्या एकाच प्रोबमधून श्राव्यातीत तरंग (→ श्राव्यातीत ध्वनी) सोडून पदार्थातील दोष शोधण्याची पद्धत (→ अविनाशी परीक्षण). तिचे मूळ वैद्यकीय प्रतिमादर्शनात आहे. १९८० च्या दशकात ती अणुऊर्जा केंद्रांच्या तपासणीत आली. प्रोबमध्ये बहुधा १६ ते १२८ घटक असतात. प्रत्येकाला नॅनोसेकंदांच्या फरकाने स्पंद दिला की व्यतिकरणामुळे (→ व्यतिकरण) शलाका हवी तशी वळते व ठरावीक खोलीवर केंद्रित होते. प्रोब न हलवता पोलादी वेल्डचा, उदा., ४०° ते ७०° कोनांतील पंख्यासारखा छेद पडद्यावर उमटतो. एककोनी प्रोबमधून निसटू शकणारा, वेल्डच्या कडेचा न जुळलेला भाग त्यामुळे सापडतो. पद्धतीचे खरे महत्त्व यातच आहे. प्रोब व धातू यांमध्ये पाणी किंवा जेल लागते. भरड कणांच्या ऑस्टेनाइटी पोलादात तरंग विखुरून संकेत पुसट होतात.