उजेडाचा हिशेब

दिवाळीतले फोटो बहुधा दिवाळी सरल्यावर निवांत पाहिले जातात, आणि हळहळ वाटायची ती तेव्हा वाटते. आमच्या घरी असा एक फोटो आहे. आई तुळशीवृंदावनापाशी पणती ठेवीत आहे. कॅमेरा चांगला, डिजिटल एसएलआर जातीचा. सगळा कारभार त्याच्यावरच सोपविलेला. त्याने काय करावे? अमावास्येची काळीभोर रात्र राखेसारखी करडी करून टाकली, ज्योतीच्या जागी एक पांढरा फटफटीत डाग उमटविला, आणि त्या ज्योतीने उजळलेला आईचा गाल त्या पांढऱ्यातच विरघळला. पुढच्या दिवाळीला आई नव्हती.

कॅमेऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याला जे शिकविले होते तेच त्याने केले. ते कोणी शिकविले आणि का, हे पाहावयाचे तर बरेच मागे जावे लागते.

काचेवर, फिल्मवर किंवा सेन्सरवर किती उजेड पडू द्यायचा, म्हणजे भिंगाचे छिद्र केवढे ठेवायचे आणि झडप किती वेळ उघडी ठेवायची, याला एक्स्पोजर म्हणतात. आरंभी हा प्रश्न फार नाजूक नव्हता; उजेड मिळेल तितका थोडाच पडे. दागेरने १८३८ साली पॅरिसमधल्या एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले, त्याला काही मिनिटे लागली. तेवढ्या वेळात गाड्या, घोडे, माणसे आली आणि गेली, आणि त्यांतले काहीही उमटले नाही. रस्ता ओसाड दिसतो. एक गृहस्थ मात्र पाय पुढे करून बुटांना पॉलिश करून घेत उभा होता. तो स्थिर राहिला म्हणून चित्रात राहिला. फोटोत सापडलेल्या पहिल्या माणसांत त्याची गणना होते, आणि त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही!

पुढे १८५१ साली ओल्या काचेची पद्धत आली आणि मिनिटांचे सेकंद झाले. आपल्याकडे मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. पण मुंबई काय किंवा लंडन काय, रीत एकच. आभाळाकडे पाहायचे, भिंगावरचे झाकण काढायचे, मनात आकडे मोजायचे आणि झाकण पुन्हा लावायचे. वैद्याने नाडी पाहावी तसा हा अंदाज. गुरूकडून शिष्याकडे जायचा आणि पुष्कळदा चुकायचा.

हा अंदाज ज्यांना सहन होईना ती माणसे फोटोग्राफीच्या धंद्यातली नव्हती, ही यातली मौज. इंग्लंडात लँकेशायरमध्ये विडनेस म्हणून रसायनांच्या कारखान्यांचे गाव. तिथल्या एकाच कारखान्यात फर्डिनांड हर्टर हा मूळचा स्विस रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो ड्रिफील्ड हा इंग्रज इंजिनियर नोकरीला होते. ड्रिफील्डला फोटोचा नाद; त्याने तो हर्टरला लावला. पण हर्टर पडला हिशेबी माणूस. फोटो चांगला का आला आणि वाईट का आला हे कोणालाच सांगता येत नाही, हे त्याच्या पचनी पडेना. नोकरी सांभाळून दोघांनी वर्षानुवर्षे एकच उद्योग केला : ठरावीक जळणारी मेणबत्ती घ्यायची, तिच्यासमोर काच मोजून इतके सेकंद धरायची, धुवायची, आणि ती किती काळी झाली हे उपकरणाने मोजायचे. म्हणजे या साऱ्या शास्त्राचा जन्म एका ज्योतीपुढेच झाला म्हणा ना!

१८९० साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उजेड आणि काळेपणा यांचा त्यांनी काढलेला आलेख आडव्या पडलेल्या लांबट एस अक्षरासारखा होता. अगदी कमी उजेडात काच जेमतेम दाद देते. मधल्या सरळ चढावर उजेड दुप्पट केला की काळेपणा दर वेळी सारख्याच मापाने वाढतो. आणि शेवटी वक्र मान टाकतो, मग कितीही उजेड ओता.

या शोधाने एक माणूस मात्र पार खचला. पी. एच. इमर्सन हा त्या काळचा नामांकित छायाचित्रकार. फोटोग्राफी ही कला आहे, असे १८८९ साली त्याने पुस्तक लिहून ठासून सांगितले होते. हर्टर-ड्रिफील्डचे काम वाचल्यावर त्याला वाटले की, छटा जर रसायनाच्या नियमानेच ठरत असतील तर चित्रकाराच्या हाती उरते काय? त्याने काळ्या चौकटीचे पत्रक छापून आपल्याच मताचे सुतक जाहीर केले. मला इमर्सनची चूक फार प्रामाणिक वाटते, पण ती चूकच. वक्र बदलता येत नाही हे खरे. दृश्यातली कोणती वस्तू त्या वक्रावर कुठे बसवायची, हे मात्र कोणी ठरवून ठेवलेले नसते.

१९३२ साली अमेरिकेतल्या वेस्टन कंपनीचा सेलेनियमचा मीटर बाजारात आला. त्यावर उजेड पडला की काटा हलायचा. पण काटा एवढेच सांगतो की, समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे धरले तर एक्स्पोजर अमुक. पांढऱ्या लुगड्यावर धरा, लुगडे करडे येईल. काळ्या म्हशीवर धरा, म्हैसही करडीच. त्याला दोन्ही सारखीच!

ही मर्यादा ओळखून अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने फ्रेड आर्चर याच्या साथीने १९४०च्या सुमारास पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत छटांचे अकरा टप्पे पाडले. पाचवा टप्पा मीटरचा करडा. बाकीचे छायाचित्रकाराने आपल्या मनाने वापरायचे. त्याची कसोटी लागली ती १ नोव्हेंबर १९४१ रोजी, न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाशी. अ‍ॅडम्स मोटारीतून चालला होता. मावळतीचे ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलेले, आणि वर चंद्र उगवलेला. त्याने गाडी थांबविली, भला थोरला कॅमेरा उभा केला, आणि पाहतो तो मीटर सापडेना! ऊन तर क्षणाक्षणाला ढळत होते. तेवढ्यात त्याला आठवले की, चंद्राची दीप्ती दर चौरस फुटाला २५० कँडल असते. तिथे उभ्या उभ्या त्याने गणित केले. चंद्र मध्यम करडा नको, उजळ हवा, म्हणून त्याला सातव्या टप्प्यावर बसविले. फिल्टर उजेड अडवितो म्हणून तिप्पट वेळ धरला. आणि छिद्र एफ ३२ ठेवून एक सेकंद झडप उघडली. दुसरी प्रत घेण्यासाठी त्याने फिल्मची चौकट उलटवली, तोच क्रुसांवरचे ऊन गेले. त्या एकाच निगेटिव्हवरून पुढे त्याने हजारावर प्रती छापल्या. हे चित्र कोणत्या तारखेचे हे त्याच्याही नीट लक्षात नव्हते. खगोलशास्त्रज्ञांनी पुढे चंद्राच्या जागेवरून तारीख काढून दिली.

त्यानंतर यंत्रे झपाट्याने शहाणी झाली. १९६३ साली टॉपकॉनच्या एसएलआरमध्ये भिंगातून आलेला उजेडच मोजणारा मीटर बसला. १९८३च्या निकॉन एफएने चौकटीचे पाच भाग करून ते ताडून पाहण्याची युक्ती आणली. १९९१ साली कोडॅकने निकॉनच्याच एसएलआरमध्ये सेन्सर बसवून डिजिटल कॅमेरा विकायला काढला. आता तर आरशाचे कॅमेरेच मागे पडत चालले आहेत. तरीही काळ्या रात्रीपुढे उभे केले की यंत्र आजही बहुधा ती उजळवायला धावते.

डिजिटल सेन्सरला मात्र हर्टर-ड्रिफील्डच्या वक्राची ती हळूच मान टाकणारी अखेर नाही. त्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे उजेडाने भरणारी घागर. घागर भरेपर्यंत हिशेब चोख; भरून वाहू लागली की पुढचा सारा उजेड एकच पांढरा. अंधारात दडलेले थोडेफार नंतर उजळून काढता येते, वाहून गेलेले परत येत नाही. म्हणून निगेटिव्हवाले सावलीची काळजी आधी करीत; डिजिटलवाल्याने उजेडाची करावी. कॅमेऱ्याच्या पाठीवर हिस्टोग्राम नावाचा डोंगरासारखा आलेख दिसतो. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड. डोंगर उजव्या भिंतीला चिकटला तर घागर वाहिली असे समजावे. पणतीची वात थोडी वाहणारच, तिला इलाज नाही; गाल वाहता कामा नये. प्लस-मायनसचे बटण एक-दोन स्टॉप उणे करावे, आणि जमल्यास फोटो रॉ स्वरूपात ठेवावा.

आणि काळोख पडण्याची वाट पाहू नये. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सूर्य मावळल्यानंतर पंधरा-वीस मिनिटे आभाळ गडद निळे असते; त्या वेळी आभाळाचा आणि पणतीचा उजेड जवळजवळ तोडीस तोड येतो. घरात तेव्हा नेमकी पूजेची गडबड असते, कोणी तेल मागते, कोणी वाती. कॅमेरा त्याआधीच तिवईवर लावून ठेवावा, आणि पणती ठेवणाऱ्या माणसाला हळूच सांगावे, जरा दोन क्षण तशीच थांब.