स्टॅन्ली : मोहावी वाळवंट पार करणारी चालकविरहित गाडी आणि तिचे सॉफ्टवेअर

#थ्रेड

१३ मार्च २००४. कॅलिफोर्नियातील बारस्टो गावाजवळ, मोहावी वाळवंटाच्या तोंडाशी १५ वाहने शर्यतीला सज्ज होती. एकातही चालक नव्हता. नेवाडाच्या सीमेवरील प्रिमपर्यंत सुमारे २३० किलोमीटर अंतर कापायचे होते. बक्षीस होते १० लाख डॉलर.

सर्वांत लांब पोहोचले ते कार्नेगी मेलन विद्यापीठाचे 'सँडस्टॉर्म'. किती लांब? १२ किलोमीटरही नाही. एका अवघड वळणावर ते कडेच्या उंचवट्यावर अडकले, चाके जागच्या जागी फिरत राहिली आणि टायर धुरकटले. शर्यतीतील एकमेव मोटारसायकल तर सुटताक्षणीच आडवी झाली. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

हा खटाटोप करणारी संस्था होती डार्पा, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन शाखा. २०१५ पर्यंत लष्कराच्या जमिनीवरील लढाऊ वाहनांपैकी एक तृतीयांश वाहने मानवरहित असावीत, असे उद्दिष्ट अमेरिकी काँग्रेसने २००० साली कायद्यानेच घालून दिले होते. इराक युद्धाशी या शर्यतीचा संबंध नेहमी जोडला जातो. पण कायदा त्या युद्धाच्या आधीचा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. युद्धाने निकड वाढवली, कल्पना जुनीच होती.

२००४ च्या फजितीनंतर डार्पाने बक्षीस दुप्पट केले आणि पुढील शर्यत ऑक्टोबर २००५ मध्ये ठेवली. या वेळी स्टॅनफर्ड विद्यापीठ रिंगणात उतरले. संघप्रमुख होते सेबास्टियन थ्रन, तर सॉफ्टवेअरची धुरा माइक मॉन्टेमेर्लो या तरुण संशोधकाकडे होती. गंमत अशी की थ्रन २००३ पर्यंत कार्नेगी मेलनमध्येच अध्यापन करीत होते आणि मॉन्टेमेर्लो यांची पीएच.डी.ही तिथलीच. म्हणजे सामना थेट गुरुगृहाशी होता. तिकडे विल्यम 'रेड' व्हिटेकर हे यंत्रमानवशास्त्रातील मातब्बर दोन वाहने घेऊन तयार होते : सँडस्टॉर्म आणि हायलँडर.

स्टॅनफर्डची गाडी म्हणजे फोक्सवॅगनची डिझेलवर चालणारी टूअरेग. नाव 'स्टॅन्ली'. टपावर पाच लेझर, एक कॅमेरा, रडार आणि जीपीएस. मागच्या बाजूला संगणकांची चळत. गाडी जवळजवळ मूळ स्वरूपातच ठेवलेली होती. हा प्रश्न लोखंडाचा नसून सॉफ्टवेअरचा आहे, अशी थ्रन यांची धारणा होती.

आता खरी मेख. टपावरचा प्रत्येक लेझर पुढच्या जमिनीवर प्रकाशाची एक आडवी रेघ ओढतो. गाडी पुढे सरकते तशा या रेघा एकमेकींशेजारी येतात आणि जमिनीचा उंचसखल नकाशा तयार होतो. जवळजवळच्या दोन बिंदूंच्या उंचीत ठरावीक सेंटिमीटरांहून अधिक फरक दिसला, की तिथे अडथळा आहे असे समजायचे. कागदावर हे सोपे आहे. पण खडबडीत वाटेवर गाडी सतत डुलते. तिच्या झुकण्याचे मोजमाप केवळ एका अंशाने चुकले, तरी २० मीटरवरची जमीन सुमारे ३५ सेंटिमीटर वर किंवा खाली गेल्यासारखी भासते. सपाट रस्त्यावर मग अचानक भिंत उभी राहते आणि गाडी ती नसलेली भिंत चुकवायला खड्ड्याकडे वळते.

आरंभीच्या पद्धतीत निर्धोक जमिनीचा सुमारे आठवा हिस्सा अशा भुताटकी अडथळ्यांनी भरलेला दिसे. यावरचा उपाय पाहिला की मॉन्टेमेर्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांची दृष्टी लक्षात येते. त्यांनी यंत्राला स्वतःच्या मोजमापाविषयी शंका घ्यायला शिकवले. दोन बिंदू एकाच क्षणी मोजलेले असतील तर त्यांच्या फरकावर विश्वास ठेवायचा. दोन मोजमापांत जितका काळ लोटला असेल, तितका विश्वास कमी करायचा.

पण किती कमी? हा आकडा कोणी अंदाजाने ठरवला नाही. माणसाने गाडी चालवायची, जिथून चाके गेली ती जमीन निर्धोक मानायची आणि त्या नोंदींवरून संगणकाने आपले मापदंड स्वतःच जुळवायचे. खोट्या अडथळ्यांचे प्रमाण ५० हजारांत एक इतके खाली आले. या शर्यतीचा निकाल खरे तर इथेच लागला, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी युक्तीही तशीच. लेझरला जेमतेम २० ते २५ मीटरपर्यंतचे भरवशाने दिसे, म्हणजे वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपासच अडकणार. म्हणून लेझरने निर्धोक ठरवलेल्या जमिनीचा रंग कॅमेऱ्याला दाखवायचा आणि तोच रंग पुढे दूरवर दिसतो का ते कॅमेऱ्याने शोधायचे. वाटेचा रंग बदलला की धडाही बदलायचा. मात्र कॅमेऱ्याला गाडी वळवण्याचा अधिकार नव्हता, तो फक्त वेग वाढवू द्यायचा की नाही एवढेच सांगे.

सॉफ्टवेअरची रचनाही पाहण्यासारखी आहे. सुमारे ३० भाग एकाच वेळी चालत आणि त्यांच्यावर एकच एक मुख्य नियंत्रक नव्हता. एखादा भाग बंद पडला तर देखरेख करणारी यंत्रणा तो पुन्हा सुरू करी.

८ ऑक्टोबर २००५ रोजी प्रिम येथून २३ वाहने सुटली. २१२ किलोमीटरच्या मार्गाचे २,९३५ बिंदू स्पर्धकांना शर्यतीच्या केवळ दोन तास आधी मिळाले होते. व्हिटेकर यांच्या संघातील माणसे त्या दोन तासांत मार्गाचा तुकडा न् तुकडा तपासून वेग ठरवत बसली. स्टॅनफर्डचा भर गाडीच्या डोळ्यांवर होता.

ते डोळेही निर्दोष नव्हते. वाटेत लेझरची माहिती काही वेळा उशिरा पोहोचली आणि स्टॅन्लीने पुन्हा नसलेले अडथळे चुकवले. तरी ती तरली. सुमारे १६३ किलोमीटरांवर हायलँडरला थांबवून तिला पुढे जाऊ देण्यात आले. ६ तास ५४ मिनिटांत स्टॅन्ली पोहोचली. मागोमाग सँडस्टॉर्म ७ तास ५ मिनिटांत, हायलँडर ७ तास १४ मिनिटांत. एकूण पाच वाहनांनी मार्ग पूर्ण केला.

लष्कराचे २०१५ चे उद्दिष्ट काही गाठले गेले नाही. माणसे मात्र दुसरीकडे गेली. २००७ च्या शहरी शर्यतीत कार्नेगी मेलनने स्टॅनफर्डला दुसऱ्या क्रमांकावर ढकलून परतफेड केली. २००९ मध्ये गूगलने चालकविरहित मोटारीचा प्रकल्प थ्रन यांच्या नेतृत्वाखाली सुरू केला, तेव्हा त्यात मॉन्टेमेर्लो होते, व्हिटेकर यांच्या संघातील ख्रिस अर्मसन होते आणि त्या आडव्या झालेल्या मोटारसायकलचे कर्ते अँथनी लेवांडोव्स्कीही होते.

स्टॅन्ली पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. राहता राहिली हायलँडर. त्या दिवशी तिचे इंजिन मधूनच का मंदावत होते, याचा उलगडा १२ वर्षे झाला नव्हता. २०१७ मध्ये जुने सहकारी त्या गाडीभोवती जमले असता कारण सापडले : इंजिनाचा नियंत्रक आणि इंधनाचे इंजेक्टर यांच्यामधला एक लहानसा फिल्टर बिघडलेला होता.