थंडरबर्ड : मेलचा बॅकअप व रिस्टोअर

मोझिला थंडरबर्ड या मेल-प्रोग्रॅममध्ये साठलेल्या मेल, पत्ते, कॅलेंडर, फिल्टर आणि खात्यांची सेटिंग्ज यांची वेगळी प्रत ठेवणे, आणि संगणक बिघडल्यावर, बदलल्यावर किंवा मेल चुकून डिलीट झाल्यावर त्या प्रतीवरून सगळे पूर्ववत करणे. थंडरबर्डची १.० आवृत्ती ७ डिसेंबर २००४ रोजी आली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तो मोफत मिळतो. बॅकअपच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण असा, की वापरणाऱ्याचे बहुतेक सगळे सामान ‘प्रोफाइल’ या एकाच फोल्डरात असते. तो फोल्डर अख्खा उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवला की बॅकअप झाला. निवडक फाइली वेचत बसण्यात वेळ जातो आणि हमखास काहीतरी राहून जाते.

विंडोजमध्ये प्रोफाइल वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात, रोमिंगच्या आत असते. अ‍ॅपडेटा लपवलेला असल्यामुळे ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ कॉपी करून संगणक फॉरमॅटला देणाऱ्यांची मेल जाते ती इथेच. शोधाशोध टाळायची तर हेल्प मेनूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडावे. तिथल्या बटणाने प्रोफाइलचा फोल्डर थेट समोर येतो. मॅकवर तो वापरकर्त्याच्या लायब्ररी फोल्डरात असतो, लिनक्सवर बहुधा होममधल्या लपलेल्या थंडरबर्ड फोल्डरात.

प्रोफाइलमध्ये ‘मेल’ आणि ‘आयमॅपमेल’ असे दोन उपफोल्डर असतात. पहिल्यात पॉप खात्यांच्या आणि ‘लोकल फोल्डर्स’मधल्या मेल, दुसऱ्यात आयमॅप खात्यांच्या सर्व्हरवरून उतरवलेल्या प्रती. मूळच्या मांडणीत प्रत्येक मेल-फोल्डरची एकच लांबलचक फाइल असते. या प्रकाराला एमबॉक्स म्हणतात आणि तो युनिक्सच्या काळापासून चालत आला आहे. ‘इनबॉक्स’ नावाची, पुढे कुठलेही एक्स्टेन्शन नसलेली फाइल म्हणजे खरा इनबॉक्स. ती नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये उघडली तर एकाखाली एक मेल दिसतात. प्रत्येक मेलची सुरुवात ‘फ्रॉम’ हा इंग्रजी शब्द आणि मोकळी जागा अशा ओळीने होते. अटॅचमेंटही त्याच फाइलीत अक्षरांच्या रूपात बसवलेल्या असतात आणि त्या मूळ आकाराच्या साधारण सव्वापट ते दीडपट जागा खातात. शेजारची एमएसएफ एक्स्टेन्शनची फाइल ही नुसती अनुक्रमणिका. ती बिघडली किंवा हरवली तर थंडरबर्ड नवी बनवतो. उलट एमएसएफ आहे पण मूळ फाइल नाही, अशा बॅकअपमधून एकही मेल परत मिळत नाही.

याच मांडणीमुळे डिलीट केलेली मेल लगेच नाहीशी होत नाही. तिच्या हेडरमध्ये खूण होते आणि फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ होईपर्यंत मजकूर फाइलीत पडून राहतो. चुकून मेल उडाल्यावर म्हणूनच आधी थंडरबर्ड बंद करावा, फोल्डर कॉम्पॅक्ट होऊ देऊ नये आणि त्या क्षणाची प्रत काढावी. जाणकार हेडरमधली खूण हाताने बदलून, एमएसएफ फाइल काढून टाकून अशा मेल वर आणतात.

बॅकअप घेताना प्रोग्रॅम पूर्ण बंद असावा. पत्ते, कॅलेंडर आणि शोधाची यादी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असतात, आणि लिहिणे चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. पत्त्यांच्या फाइलीचा प्रकार २०२० साली ७८व्या आवृत्तीत बदलला. त्याआधीचे बॅकअप नव्या आवृत्तीत उघडताना हे रूपांतर तिला करावे लागते. २०२२मधल्या १०२व्या आवृत्तीपासून टूल्स मेनूतून सगळे प्रोफाइल झिप करून एक्स्पोर्ट करता येते. २ जीबीपेक्षा मोठ्या प्रोफाइलला मात्र तो मार्ग चालत नाही, आणि दहा-पंधरा वर्षांची मेल सांभाळणाऱ्यांचे प्रोफाइल त्याहून मोठेच असते. त्यांनी हातानेच कॉपी करावे. पेनड्राइव्ह फॅट-३२ प्रकारात फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल त्यावर मावत नाही, आणि फुगलेला इनबॉक्स नेमका तिथेच अडतो.

आणखी एक खोच कार्यालयांत हटकून आढळते. सी ड्राइव्ह भरला म्हणून कोणीतरी खात्याचा फोल्डर सेटिंगमधून डी ड्राइव्हवर हलवलेला असतो. मग प्रोफाइलची प्रत निर्वेध होते, पण तिच्यात मेल नसते. खात्याच्या ‘सर्व्हर सेटिंग्ज’मध्ये तळाशी ‘लोकल डिरेक्टरी’चा मार्ग लिहिलेला असतो, तो प्रोफाइलबाहेरचा असेल तर तेवढा फोल्डर वेगळा उचलावा.

आयमॅपवर मेल सर्व्हरवर असते, मग बॅकअप कशाला, हा समज सर्वांत महागात पडतो. आयमॅपचे काम दोन्हीकडची स्थिती सारखी ठेवणे. सर्व्हरवर मेल डिलीट झाली, किंवा नोकरी सुटून खाते बंद झाले, तर संगणकावरच्या प्रतीचाही भरवसा राहत नाही. बॅकअपमधले आयमॅप प्रोफाइल जोडणी चालू ठेवून उघडले तर थंडरबर्ड सर्व्हरशी ताळमेळ करतो आणि तिथे नसलेली मेल इथूनही काढतो. असे प्रोफाइल उघडण्याआधी नेट बंद करावे आणि हव्या त्या मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करून घ्याव्यात.

रिस्टोअरसाठी नव्या संगणकावर थंडरबर्ड बसवून एकदा चालू करून बंद करतात. नंतर प्रोफाइल मॅनेजर उघडून नवे प्रोफाइल बनवताना बॅकअपमधून आणलेला फोल्डर त्याला दाखवतात. प्रोफाइलचा फोल्डर नुसता नेऊन ठेवला तर थंडरबर्डला तो आपोआप दिसत नाही, कारण कोणते प्रोफाइल कुठे आहे याची नोंद ‘प्रोफाइल्स डॉट आयएनआय’ या छोट्या फाइलीत असते. नव्या आवृत्तीत वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीत सहसा उघडू दिले जात नाही, म्हणून आधी प्रोग्रॅम अद्ययावत करावा.

पासवर्ड दोन फाइलींत विभागलेले असतात : एकीत गुप्त रूपातील नोंदी, दुसरीत त्या उघडण्याची किल्ली. दोन्ही बरोबर आल्या तरच पासवर्ड मिळतात. ‘प्रायमरी पासवर्ड’ लावलेला नसेल तर ही जोडी हाती पडलेल्या कोणालाही ते वाचता येतात. मेल कुलूपबंद करण्याच्या ओपनपीजीपी पद्धतीच्या खासगी किल्ल्याही प्रोफाइलमध्येच असतात. त्या गेल्या तर त्यांवर कुलूपबंद केलेल्या जुन्या मेल कायमच्या बंद. म्हणून बॅकअपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी, एवढ्यावर तडजोड नको.

मराठीतली जुनी मेल सांभाळणाऱ्या संपादकांना व लेखकांना एक वेगळी अडचण येते. युनिकोड रुळण्याआधी पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम वापरून टंकलेला मजकूर अटॅचमेंट म्हणून येत असे. रिस्टोअरनंतर तो अक्षरशः जसाच्या तसा असतो, तरी तो फाँट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा गोंधळ दिसतो. असे फाँट मेलच्या बॅकअपशेजारीच ठेवावेत, किंवा मजकूर वेळीच युनिकोडमध्ये आणावा.

विंडोजवर एकेकाळी मोझबॅकअप हे साधन लोकप्रिय होते; त्याचा विकास थांबला आहे, त्यावर आता विसंबू नये. ‘इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी’ या अ‍ॅड-ऑनने प्रत्येक मेल ईएमएल प्रकारच्या स्वतंत्र फाइलीत काढता येते. त्यात सेटिंग्ज व पासवर्ड येत नाहीत, पण ईएमएल फाइली इतर अनेक मेल-प्रोग्रॅममध्ये उघडतात. बंद झालेल्या खात्यांच्या मेल अशा काढून ठेवाव्यात. चालू कामासाठी मात्र संपूर्ण प्रोफाइलच्या प्रतीला पर्याय नाही.