मोटारीतल्या घड्याळाचा दिवा

जुन्या मोटारीतल्या घड्याळाचा दिवा म्हणजे बोराएवढा जिन्नस. तो गेला तरी गाडी अडत नाही, म्हणून महिनोन् महिने त्याच्याकडे कोणी बघतही नाही. पण घड्याळाची तबकडी रात्री दिसावी या खटपटीत माणसांचे जीव गेले आहेत. ती हकीकत आज सांगायची आहे.

डॅशबोर्ड ही मुळात घोडागाडीतली फळी. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून ती पुढे लावीत. घोडा गेला, फळी राहिली, आणि मोटारीत तिच्यावर घड्याळ, वेगमापक वगैरे मंडळी येऊन बसली. पहिल्या मोटारींचे मोठे दिवे कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या गॅसवर जळत. असला दिवा घड्याळामागे कोण ठेवणार? १९१२ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर बसला, त्याबरोबर विजेचे दिवेही आले. त्याच सुमारास विल्यम कूलिज यांनी टंगस्टन या ठिसूळ धातूची बारीक तार ओढून दाखवली होती. खड्ड्यांचे हादरे सोसणारा चिमुकला बल्ब त्या तारेमुळे साधला.

पण उजेडाची दुसरीही एक वाट होती. क्यूरी दांपत्याने १८९८ साली शोधलेले रेडियम जस्ताच्या गंधकयुक्त क्षारात मिसळले की तो रंग अंधारात आपोआप चमकतो. ना तार, ना बॅटरी! अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी एका कारखान्यात तरुण मुली हा रंग घड्याळांच्या आकड्यांवर भरीत. कुंचल्याचे टोक बारीक राहावे म्हणून ते ओठांत धरायचे, अशीच त्यांना शिकवण होती. रंग निर्धोक आहे, असेही सांगितलेले. आता रेडियम हे रासायनिक गुणाने कॅल्शियमचे भावंड. शरीराला फरक कळत नाही, ते सरळ हाडांत जाऊन बसते. मुलींचे दात पडले, जबडे सडले, कित्येक मरण पावल्या. ग्रेस फ्रायर हिला तर खटला चालवायला वकील मिळेपर्यंत दोन वर्षे गेली. अखेर १९२७ साली पाच जणींनी दावा लावला आणि १९२८ मध्ये कंपनीने तडजोड केली. तरीही दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या आणि लष्करी गाड्यांच्या तबकड्यांवर रेडियम होतेच. गुरुजींनी मुलांना एवढे जरूर सांगावे: तसली जुनी तबकडी चमकेनाशी झाली तरी ती निरुपद्रवी झाली असे नव्हे. थकतो तो जस्ताचा क्षार. रेडियम निम्मे व्हायलाच सोळाशे वर्षे लागतात. ती खरवडू नये, उघडूही नये.

त्यापुढे आपला बल्ब किती गरीब! बदलायला आधी बॅटरीची तार सोडावी, मग घड्याळामागे हात घालून होल्डर ओढून काढावा. खुंट्यांचा बल्ब असेल तर किंचित दाबून फिरवला की सुटतो. नवा आणताना टोपीवरचा आकडा वाचावा, कारण जुन्या गाड्या काही ६ व्होल्टच्या, काही १२ च्या. ६ चा बल्ब १२ वर लावला तर डोळ्यांदेखत जातो. आणि पुष्कळदा बल्ब शाबूत असतो, होल्डरच गंजलेला असतो. बल्बकडे वीज एका तारेने येते, परत जाते ती गाडीच्या लोखंडी अंगातून. तिथे गंज चढला की वाट बंद. पॉलिशकागदाने पुसून पाहावे.

हल्ली लोक जुन्या गाडीतही एलईडी बसवतात. त्याला ताप कमी, वीज कमी. मात्र त्यातून वीज एकाच दिशेने जाते. जुन्या इंग्रजी गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले असे. तिथे बाजारातला नेहमीचा एलईडी पेटतच नाही, आणि बिचारा मिस्त्री घड्याळ खोलत बसतो.