दह्यातले आम्ल, उसातले आम्ल: बीडच्या मुखलेपाचा पूर्वेतिहास

परळीच्या वैजनाथाशी विवाह ठरलेली योगेश्वरी मुहूर्त टळल्यामुळे अविवाहित राहिली, अंबाजोगाईस स्थिरावली आणि तिच्या वऱ्हाडाचे पाषाण झाले, ही आख्यायिका बीड जिल्ह्यात आबालवृद्धांस ठाऊक आहे. परंतु त्या वधूस हळद लागली होती की नाही, याविषयी आख्यायिका मौन पाळते. हा प्रश्न आम्हांस सुचण्याचे कारण इतकेच, की मुखावरचे वांग आणि डाग घालविण्याच्या घरगुती उपायांचे दप्तर कोणत्याही कचेरीत जतन झालेले नसून, लग्नाची हळद आणि नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान या दोन प्रसंगांच्या आश्रयानेच ते आजवर टिकले आहे.

नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद ही उटण्यातील द्रव्ये आपल्या सुगंधामुळे भाव खाऊन जातात; वास्तविक बरेचसे काम ती ज्यात कालवतात त्या आंबट दह्याचे असते. डाळीचे पीठ घर्षणाने मळ काढते, तर दह्यातील आम्ल त्वचेच्या पृष्ठभागावरील मृत पेशींचे परस्परबंधन शिथिल करते. ते शेकडा एकाच्या आसपास, म्हणजे अगदीच सौम्य असते, आणि घटकाभरात धुऊन टाकले जाते.

ज्यांच्या राज्यात हा मुलूख मोडत असे त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचविलेल्या ‘मानसोल्लासा’त स्नान आणि विलेपन यांना राजभोगांत स्वतंत्र स्थान दिले आहे. पण आमच्या मते याहून मोलाचे आहेत ते वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील मुखलेपाचे नियम: लेपाची जाडी पाव, एकतृतीयांश किंवा अर्धे अंगुळ असावी, तो मुखावर वाळू देऊ नये, कारण वाळलेला लेप कांती बिघडवितो, काढण्यापूर्वी तो ओला करावा, आणि लेप लावणाऱ्याने अग्नी व ऊन ही दोन्ही वर्ज्य करावीत. आम्लाचे रसायन अज्ञात असलेल्या काळात उन्हाविषयी घातलेला हा निर्बंध वाचून आजच्या त्वचारोगतज्ज्ञानेही मान डोलवावी.

ते रसायन पुढे युरोपात उलगडले. स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शेले याने १७८० साली आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळे केले. चिंचेतले टार्टारिक आणि लिंबातले सायट्रिक ही आम्लेही त्यानेच हुडकली. मात्र या आम्लकुलाचा त्वचेवरील प्रभाव शास्त्रीय रीतीने मांडला गेला तो १९७४ मध्ये, जेव्हा अमेरिकेतील युजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी अंगावर खवले धरणाऱ्या व्याधीवर त्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले.

दरम्यान बीडच्या बाजारात निराळीच वस्तू येऊ लागली होती. जिल्हा निजामाच्या अमलात, अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद, तेथे लष्कराची छावणी, आणि संस्थानच्या सरहद्दीवर करोडगिरीचे नाके. त्या काळात, १९१९ पासून, मुंबईस पाटणवाला यांचे ‘अफगाण स्नो’ हे चेहऱ्यास लावावयाचे मलम तयार होऊ लागले, आणि ‘स्नो’ हा शब्द पुढे अशा प्रत्येक डबीस लागू झाला. संस्थान १९४८ साली विलीन झाले, पुढे नाकेही गेले. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ अवतरली आणि डाग घालविण्याच्या साध्या इच्छेचे गौरवर्णाच्या हव्यासात रूपांतर करण्याचे कार्य जाहिरातींनी मोठ्या निष्ठेने पार पाडले.

आता प्रयोग पुन्हा घरी होऊ लागले आहेत, पण दह्याने नव्हे. आम्लाचे तयार द्रावण विकत आणून ते तेलपाण्याच्या मलमात मिसळतात आणि कागदी पट्टीने सामू पाहतात. अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने १९९८ मध्ये अशा प्रसाधनात आम्ल शेकडा दहापेक्षा अधिक आणि सामू साडेतीनपेक्षा कमी नसावा, अशी मर्यादा सांगितली. ज्याला हे मोजता येत नाही त्याने दह्यावर संतुष्ट राहावे. लिंबाचा रस मलमात पिळणे तर सर्वथा त्याज्य: त्याचा सामू अडीचच्याही खाली असतो, आणि रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की जे डाग घालवावयाचे तेच अधिक काळे उमटतात.

या आम्लांपैकी आज सर्वाधिक मागणी असलेले ग्लायकोलिक आम्ल उसाच्या रसातही अल्पांशाने असते, जरी बाजारातले बहुतांशी कृत्रिम रीतीने बनविलेले असते. आणि ऊसतोडीसाठी सर्वाधिक माणसे पाठविणारा म्हणून जो जिल्हा ओळखला जातो तो बीडच. मुकादमाकडून उचल घेऊन, नवराबायकोचा मिळून एक कोयता या हिशेबाने दसरा-दिवाळीच्या सुमारास निघालेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फडातल्या बाईला वाग्भटाचा उन्हाविषयीचा निर्बंध पाळणे अशक्य. तेव्हा तिने आम्लाच्या वाटेस न जाता लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवावा आणि पदर तोंडावरून गुंडाळून घ्यावा, हेच शास्त्रशुद्ध. आणि ती, कोणी न सांगता, तसेच करीत आली आहे.